मोनेच्या तळ्याबद्दल थोडं, जरा लांबलंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारावर अर्धं पान आलं होतं, ते छापलंत त्याबद्दल आधी आभार, कारण हल्ली पुरवणीत चित्रकार दिसतो तो एकतर त्याचं चित्र कोटींमध्ये विकलं गेलं म्हणून नाहीतर चोरीला गेलं म्हणून. पण त्यातलं एक वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना. लेखकाने लिहिलंय की या गृहस्थाने आयुष्याची शेवटची जवळपास तीस वर्षं स्वतःच्याच बागेतलं एकच तळं रंगवण्यात घालवली, सुमारे २५० चित्रं, आणि पुढे प्रश्न टाकलाय की याला कंटाळा कसा आला नाही. आणि सोबत चित्र किती दिलं, तर एक. तेही तळहाताएवढं. आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर ते कात्रण फिरलं आणि खाली हसण्याच्या इमोज्यांची रांग लागली, एकाने तर लिहिलं की माझा नातू पण रोज तेच दोन डोंगर आणि तोच सूर्य काढतो, त्याचंही प्रदर्शन भरवूया. हसले मी पण. मग चहा पिता पिता राग यायला लागला, म्हणून हे पत्र.

मी चित्रकार नाही, समीक्षक वगैरे तर अजिबात नाही. ठाणे-बेलापूर रोडवर कापड रंगवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी केली, काम शेड मॅचिंगचं. म्हणजे बायरकडून, गिऱ्हाइकाकडून, कापडाचा एक तुकडा यायचा, बोटाच्या पेराएवढा, की हा रंग हवा. मग आम्ही लॅब डिप काढायचो, रंगाची रेसिपी थोडी थोडी बदलत चार-पाच तुकडे, आणि ते मूळ तुकड्याशेजारी ठेवून बघायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण बघायचे कुठे, हा खरा प्रश्न. खिडकीत बघितलं तर एक दिसतं, ट्यूबखाली दुसरं, म्हणून लॅबमध्ये एक लाइट बॉक्स असतो, आतून करड्या रंगाचा, तीन बाजू बंद आणि समोरून उघडा, वरती वेगवेगळे दिवे. एक बटण दाबलं की डे-लाइट, दुसरं दाबलं की दुकानात असते तशी ट्यूब, तिसरं म्हणजे घरातला पिवळा बल्ब, एक यूव्ही. तुकडे हलवायचे नाहीत, फक्त लाइट बदलायचा. आणि मग मजा बघा, डे-लाइटमध्ये जे दोन तुकडे एकाच थानातून कापल्यासारखे दिसत होते त्यातला एक पिवळ्या दिव्याखाली सरळ तांबडट मारायला लागतो आणि दुसरा जागेवर. याला मेटामेरिझम म्हणतात, आम्ही म्हणायचो शेड पलटी मारतेय. नवीन मुलं लागायची त्यांना पहिले काही दिवस पटायचंच नाही, म्हणायची मॅडम रंग तर तोच आहे. तोच आहे म्हणजे कुठल्या लाइटमध्ये तोच आहे, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला आमच्या लॅबमध्ये काही अर्थ नव्हता.

आता मोने. हा माणूस जन्मला १८४० मध्ये पॅरिसला, वाढला ल हाव्र या बंदराच्या गावी, आणि १८८३ मध्ये पॅरिसपासून साधारण पंचाहत्तर किलोमीटरवरच्या जिव्हर्नी नावाच्या खेड्यात घर भाड्याने घेऊन राहायला गेला. तेव्हा तो काही श्रीमंत नव्हता, बायको वारलेली, स्वतःची दोन मुलं आणि ॲलिस ओशदे ही बाई आणि तिची सहा मुलं, एवढा गोतावळा. (ॲलिसशी लग्न नंतर, १८९२ मध्ये.) घर विकत घेतलं ते १८९० मध्ये, २२ हजार फ्रँकला. आणि तुमच्या लेखात जे अजिबात आलेलं नाही ते असं की तळं त्या घराबरोबर आलेलं नव्हतं. तळं नव्हतंच तिथे. आधी घरासमोर फुलबाग झाली, तळ्याची गोष्ट पुढची आहे, आणि मधल्या काळात जे झालं ते कळल्याशिवाय तळं कशाला हे कळत नाही असं माझं मत आहे.

मधल्या काळात त्याने कापलेल्या गव्हाच्या गंजी रंगवल्या. घराजवळच्या शेतात पीक कापून झाल्यावर रचून ठेवलेल्या गंजी, १८९० ते ९१. सकाळच्या, संध्याकाळच्या, बर्फ पडलेल्या, धुक्यातल्या. त्यातली १५ चित्रं १८९१ मध्ये पॅरिसला ड्यूरां-र्‍युएल या त्याच्या चित्रविक्रेत्याच्या गॅलरीत एकत्र लावली आणि लोकांनी ती घेतलीही. असं सांगतात की शेतात बसला असताना लाइट बदलला की सावत्र मुलगी ब्लांश हिला हाक मारायचा, दुसरा कॅनव्हास आण, आणि परत बदलला की अजून एक. पण गंजी हा टिकणारा माल नाही, मळणीची वेळ आली की शेतकरी ती मोडणार. मग १८९१ मध्ये पॉप्लरची झाडं घेतली, नदीच्या काठावर रांगेत लावलेली, आणि चित्रं अर्धवट असतानाच कळलं की गाव ती झाडं लिलावात विकतंय, लाकडासाठी. मोनेने काय करावं, तर लाकडाच्या व्यापाऱ्याला गाठलं, म्हणाला तू बोली लाव, तुझ्या किमतीच्या वर जाईल ते मी भरतो, फक्त माझं काम होईपर्यंत झाडं उभी ठेव. आणि खरंच तसं झालं. मेट्रोच्या कामात आमच्या डोळ्यांदेखत झाडं गेली तेव्हा मला हा व्यापारी फार आठवायचा, असो.

त्याच पॉप्लरबद्दल लिला कॅबट पेरी नावाची एक अमेरिकन चित्रकार, जी जिव्हर्नीत त्याच्या शेजारी राहायची, तिने लिहून ठेवलंय की त्यातला एक विशिष्ट परिणाम फक्त सात मिनिटं टिकायचा, एका ठराविक पानावरून ऊन सरकलं की संपला, की हा पुढचा कॅनव्हास काढणार. सात मिनिटं! आमच्या लाइट बॉक्सला बटण होतं हो, पाहिजे तेव्हा दाबा आणि पाहिजे तितका वेळ बघत बसा, याचा दिवा सूर्य, तो कुणाचं ऐकतोय. मग रूआँचं कॅथेड्रल झालं, समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतून रंगवलेलं, तीसच्या वर चित्रं, त्यातली वीस १८९५ ला दाखवली. कॅथेड्रल पळून जात नाही आणि कुणी लिलावातही काढत नाही हे बरं, पण ते परगावी, तिथे जाऊन राहायचं, दुसऱ्यांच्या खोलीत स्टँड मांडायचे, वेळ संपला की घरी परत.

माझं म्हणणं आता तुमच्या लक्षात आलं असेल. या माणसाला एक अशी वस्तू हवी होती जी कुणी मळणार नाही, तोडणार नाही, जिच्यासाठी गावोगाव जायला नको आणि जी वर्षानुवर्षं जागेवर राहील, म्हणजे मग फक्त लाइट बदलत राहील आणि त्याचाच हिशेब मांडता येईल. तुकडे हलवायचे नाहीत, हाच नियम. त्याने स्वतःसाठी लाइट बॉक्स बांधला, कुंपण घालून, उघड्या आभाळाखाली. तो बागकामाच्या हौसेपायी तळ्याकडे वळला असं लेखात आहे, हौस होतीच, पण ती अर्धीच गोष्ट.

आणि बांधणं सोपं नव्हतं. १८९३ मध्ये त्याने घरासमोरच्या रस्त्याच्या आणि रेल्वेलाइनच्या पलीकडची जमीन घेतली (हो, बागेच्या दोन भागांच्या मधून गाडी जायची), तिथून एप्त नदीचा एक छोटा फाटा वाहतो, त्याचं पाणी वळवून तळं भरायचं असा बेत. त्यासाठी सरकारी परवानगी, प्रीफेक्टकडे, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याकडे, अर्ज. आणि गावकरी उठले. तुझी ही परदेशी झाडं पाण्यात विष कालवतील, खाली आमची जनावरं तेच पाणी पितात, बायका तिथेच कपडे धुतात. मोनेने चिडून पत्रं लिहिली, मग परत समजावणीच्या सुरात लिहिली, की नुसती शोभेची रोपं आहेत, डोळ्यांना बरं वाटावं म्हणून आणि चित्रांना विषय म्हणून. शेवटी मिळाली परवानगी. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध तळ्याची फाइल पण टेबलावर अडली होती हे वाचून मला तरी फार आपलेपणा वाटला.

लिली पण साध्या नाहीत. युरोपातली जुनी वॉटर लिली पांढरी. रंगीत, म्हणजे गुलाबी, पिवळ्या, तांबड्या आणि थंडीत टिकणाऱ्या लिली तयार केल्या लातूर-मार्लियाक नावाच्या एका फ्रेंच नर्सरीवाल्याने, संकर करून करून, आणि त्या १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडल्या होत्या, ज्या प्रदर्शनासाठी आयफेल टॉवर उभा केला तेच ते. मोनेने त्याच नर्सरीकडून ऑर्डर केली. म्हणजे ज्याला आपण जुनंपुराणं निसर्गदृश्य समजतो तो त्या काळातला एकदम लेटेस्ट माल होता. आणि तुमच्या लेखात दोनदा कमळ म्हटलंय ते काही खरं नाही, कमळाचं पान दांड्यावर उभं राहतं, पाण्याच्या वर, लिलीचं पान पाण्यावर आडवं पडतं. याच्या चित्रात हा फार मोठा फरक आहे कारण ती आडवी पडलेली पानं बघूनच डोळ्याला कळतं की पाण्याचा पृष्ठभाग कुठे आहे, नाहीतर आभाळाचं प्रतिबिंब आणि आभाळ यात फरक करायला काही उरतच नाही.

पण बाग म्हणजे भिंत नव्हे, ती वाढते, माजते, सडते. तिला जागेवर ठेवायला माणसं लागतात. मोनेकडे पुढे सहा माळी होते. त्याने माळ्याला लिहिलेली सूचनांची चिठ्ठी शिल्लक आहे, त्यात पॉपीच्या सुमारे ३०० कुंड्या, स्वीट पीच्या (फुलांचा वेल, भाजीचा वाटाणा नव्हे) ६०, असं करत करत यादी, आमच्या लॅबच्या रेसिपी बुकाची आठवण यावी अशी. एक माळी तर नुसता तळ्यासाठी, सकाळी नाव घेऊन पाण्यात जायचा, शेवाळ काढायचा, वाळलेली पानं खुडायची, लिलीच्या पानांवरची धूळ धुवायची. धूळ कुठून, तर शेजारच्या कच्च्या रस्त्यावरून मोटारी जायला लागल्या होत्या, त्यांची. त्यावर मोनेने स्वतःच्या पैशाने तो रस्ता डांबरी करून घेतला! घोडबंदर रोडला राहणाऱ्या आमच्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मावशी तुमचा मोने आमच्या प्रभागात उभा राहील का.

आता येते चित्रांवर, कारण तेच तेच म्हणणाऱ्यांनी चित्रं एकामागे एक लावून बघितलेली नाहीत अशी मला दाट शंका आहे. तळ्यावर जपानी पद्धतीचा कमानीचा पूल बांधला १८९५ मध्ये (घरात भिंतीभर जपानी छापचित्रं होती, दोनशेच्या वर), आणि १८९९ ला पुलाची मालिका सुरू केली. त्या चित्रांत सगळं व्यवस्थित आहे, पूल मधोमध, खाली पाणी, मागे झाडं, बघणारा काठावर उभा आहे हे कळतं. मग १९०१ ला अजून जमीन घेऊन तळं वाढवलं. आणि त्यानंतर बघा, १९०९ मध्ये जे प्रदर्शन झालं त्यात ४८ चित्रं होती आणि त्यांतून पूल गायब. काठ गायब. आभाळ पण वर नाही, फक्त पाण्यात पडलेलं. तुम्ही कुठे उभे आहात हेच कळेनासं होतं. हे प्रदर्शन आधीच व्हायचं होतं, पण हा पुढे ढकलत राहिला, नाही जमलं, नाही जमलं, आणि १९०८ च्या मे महिन्यात त्याने किमान १५ कॅनव्हास स्वतःच्या हाताने नष्ट केले. ज्याला काही फरकच दिसत नाही, सगळी सारखीच वाटतात, तो माणूस पंधरा फाडून बाकीची ठेवेल का? आमच्याकडे लॅब डिप रिजेक्ट व्हायचे तेव्हा बाहेरच्याला सगळे तुकडे एकच वाटायचे, आम्हालाच माहीत असायचं कुठला रेडर, म्हणजे जास्त तांबडा, गेलाय आणि कुठला डल.

आणि रंग तरी किती वापरत होता. १९०५ च्या सुमाराला त्याने ड्यूरां-र्‍युएलला कळवलेली यादी आहे, पांढरा, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन (शेंदरी), डीप मॅडर (गर्द लाल), कोबाल्ट ब्लू आणि एक गर्द हिरवा, बास. काळा नाही. माझ्यासारखीला हे वाचून हात जोडावेसे वाटतात, इतक्या कमी डब्यांतून इतक्या शेड. माणूस काय जादूगार होता असं नाही म्हणणार मी, पण तयारीचा होता, आणि तयारी होते ती तेच तेच करूनच.

मोतीबिंदूबद्दल लेखात एक ओळ आहे की शेवटी डोळे गेले म्हणून चित्रं धूसर झाली. इतकं सोपं नाही ते. १९१२ मध्ये त्याला मोतीबिंदूचं निदान झालं, ऑपरेशनला तो फार घाबरायचा, टाळत टाळत १९२३ उजाडलं, जॉर्ज क्लेमांसो, जो महायुद्धाच्या काळात फ्रान्सचा पंतप्रधान होता आणि शिक्षणाने डॉक्टर, त्याने मागे लागून लागून तयार केलं. फक्त उजव्या डोळ्याचं झालं. मोतीबिंदूत डोळ्यातली लेन्स पिवळट-तपकिरी होत जाते आणि निळा-जांभळा उजेड आतच अडवते, म्हणजे डोळ्यालाच एक फिल्टर बसतो आणि तो हळूहळू बसतो म्हणून माणसाला कळत नाही. आमच्या ह्यांचं एका डोळ्याचं झालं तेव्हा घरी आल्यावर म्हणाले ही भिंत कधी रंगवलीस, पांढरी कशी, मी म्हटलं पांढरीच होती, तुम्हीच ती क्रीम समजत होतात. मग कित्येक दिवस खेळ, एक डोळा झाकून बघ, दुसरा झाकून बघ, एकाला दूध निळसर, दुसऱ्याला सायीच्या रंगाचं. मोनेला हेच झालं, उजव्याने सगळं निळं दिसतंय, डाव्याने पिवळं, भयंकर वैतागला होता, रंगीत काचांचे चष्मे वापरून बघितले. मोतीबिंदू वाढलेला असताना त्याला ट्यूबवरचं लेबल आणि पॅलेटवरची ठरलेली जागा यांच्या भरवशावर रंग उचलावे लागत होते. त्या वर्षांतली पुलाची चित्रं आहेत, तांबडी, विटकरी, नुसता जाळ, पूल आहे हे आधीच माहीत असेल तरच सापडतो. आता यातलं किती डोळ्याचं आणि किती त्याच्या मर्जीचं? मला वाटतं दोन्ही, आणि वेगळं काढता येणार नाही. पण सगळं आजारावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही, कारण पूल आणि काठ विरघळायला लागले होते ते निदानाच्या आधीपासूनच, १९०९ चं प्रदर्शन आठवा. आणि अशी चित्रं जिथे आहेत तिथे एक गंमत आहे, तोच पूल १८९९ चा आणि तोच पूल वीस-एक वर्षांनंतरचा, म्हणजे वस्तू तीच, या वेळी बाहेरचा लाइट पण नाही, बघणाऱ्याचा डोळाच बदललाय. असा प्रयोग आमच्या लॅबमध्ये कुणाला जमला नसता.

मोठ्या चित्रांबद्दल एवढंच सांगते की पहिल्या महायुद्धात, बायको ॲलिस १९११ ला गेलेली, थोरला मुलगा १९१४ ला गेलेला, अशा अवस्थेत सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने बागेत मोठा स्टुडिओ बांधून घेतला आणि दोन-दोन मीटर उंचीचे कॅनव्हास सुरू केले. युद्ध संपलं ११ नोव्हेंबर १९१८ ला, दुसऱ्या दिवशी याने क्लेमांसोला पत्र लिहिलं की दोन चित्रं देशाला देतो. त्या दोनाची बोलणी होता होता शेवटी आठ मोठ्या रचना झाल्या, एकामागे एक लावल्या तर ९० मीटरच्या वर लांबी. हयात असेपर्यंत त्याने ती हातातून सोडली नाहीत. ५ डिसेंबर १९२६ ला तो गेला आणि १७ मे १९२७ ला पॅरिसच्या ऑरांजरी म्युझियममध्ये दोन अंडाकृती दालनांत ती लागली. दालनं वरून उजेड येईल अशी, हे सगळं आधी ठरवून घेतलेलं, ढग आला की चित्र पण बदलतं. आणि मग १९६० च्या दशकात तिथल्या लोकांनी काय केलं असेल? वर मजला चढवला! दुसरा एक संग्रह ठेवायला जागा हवी होती म्हणून. उजेड बंद, खाली दिवे. एफएसआय, म्हणजे वर बांधायला मिळणारी जागा, दिसला की माणूस सगळीकडे सारखाच असं म्हणायची वेळ आली. तो मजला काढून वरचा उजेड परत आणायला २००६ उजाडलं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल आजी, इथे ठाण्यात बसून तुम्हाला काय करायचंय जिव्हर्नीशी. अहो, तलावांचं शहर म्हणतो ना आपण स्वतःला. मी कचराळीला फिरायला जाते, मासुंद्याला बसते, उपवनला पावसाळ्यात मुद्दाम जाते कारण येऊरच्या डोंगरावरचा ढग आणि तलावातला ढग दोन्ही एकदम दिसतात. कचराळीचं पाणी उजाडताना शिसवी असतं, मग आजूबाजूच्या झाडांचा हिरवा त्यात उतरतो, नऊ-दहाला उंच इमारतींच्या काचांवरून परत फिरलेलं ऊन पाण्यात पडतं तेव्हा एक विचित्र पांढरा पट्टा येतो जो थोड्याच वेळात जातो, दुपारी काहीच नाही, सगळं सपाट, आपल्याकडचं बारा वाजताचं ऊन रंगाला मारक आहे हे कुठलाही डाइंगवाला सांगेल. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की उजेड इतका मऊ होतो की कापड बघायला तोच बरा वाटायचा, आम्ही लॅबचं दार उघडून बघायचो. ग्रुपवर हसणाऱ्यांतले निम्मे लोक त्याच तलावाभोवती रोज फेऱ्या मारतात, कानात इयरफोन, नजर पुढच्याच्या पाठीवर. मोनेला कंटाळा कसा आला नाही म्हणे!

त्यात आपल्याकडे तलाव सुशोभीकरण म्हटलं की पहिल्यांदा रंगीत दिवे येतात. जांभळा, हिरवा, परत जांभळा. मला दिव्यांचं वैर नाही, पोरांना आवडतात, संध्याकाळी गर्दी होते, भेळवाल्याचा धंदा होतो, पण ज्या पाण्यावर मावळतीला फुकटात दर पाच मिनिटांनी नवा रंग येत होता तिथे आता रात्रभर दोनच. निदान दिवे जरा उशिरा लावावेत, पूर्ण अंधार पडल्यावर, एवढं ज्यांच्या हातात आहे त्यांनी ऐकलं तर बरं होईल.

तर संपादक महोदय, माझी मागणी अशी. मोनेवर परत कधी छापाल तेव्हा एक चित्र छापू नका. एक चित्र छापणं म्हणजे लॅब डिपचा एकच तुकडा बायरला पाठवण्यासारखं आहे, तो विचारणार हा कशाशी मॅच करू? निदान चार द्या, शेजारी शेजारी, एकाच आकाराची. १८९९ चा पूल, १९०९ च्या आधीचं नुसत्या पाण्याचं एखादं, मोतीबिंदूच्या काळातला तांबडा पूल, आणि ऑरांजरीतला एक तुकडा. प्रत्येकाखाली वर्ष आणि मूळ चित्राचं माप, कारण दोन मीटर उंचीचं चित्र आणि हात लांब करून मावेल असं चित्र कागदावर सारखंच दिसतं. मजकूर कमी केलात तरी चालेल. आणि एक विनंती छपाईवाल्यांना, पुरवणीचा कागद शाई पितो त्यामुळे निळा नेहमी मळतो, तुमच्या मागच्या चित्रात पाणी चक्क राखाडी आलं होतं, तेव्हा निळा जरा मोकळा ठेवायला सांगा आणि पहिली कॉपी ट्यूबखाली न बघता खिडकीत नेऊन बघा.

पत्र लांबलंय हे मला दिसतंय. कापायचं असेल तर माझ्या नोकरीचं कापा, लिलीच्या पानांचं ठेवा. मोबाइल नंबर खाली दिलाय तो फक्त तुमच्यासाठी, छापू नये, आधीच ग्रुपवरचे फोन पुरेत.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (प.)